मेटल संगीतातली रिदम गिटार: कॉपी नको, पुन्हा वाजवा

रिदम गिटार भरदार व्हावी म्हणून एकच टेक (एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) कॉपी करून डावी-उजवीकडे टाकू नका. दोन्हीकडे हुबेहूब तोच आवाज असला की तो मधोमधच ऐकू येतो, फक्त मोठा. तोच रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) पुन्हा वाजवा आणि एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे ठेवा. हाताच्या बारीक फरकातून रुंदी येते. मात्र पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून काढलेले दबके स्वर) दोन्हीकडे एकाच क्षणी थांबले पाहिजेत, नाहीतर सगळा चिखल.

गेन (डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा खरखरीत आवाज, किती असावा ते ठरवणारं अँपचं बटण) सरावाला ठेवता त्याहून कमी ठेवा. ट्रॅक एकावर एक चढले की डिस्टॉर्शन आपोआप दाट वाटतं. जास्त गेनमध्ये पिकचा आघात हरवतो. (गिटारिस्टला हे पटवणं हेच प्रोड्यूसरचं निम्मं काम!) सोबत डीआय बॉक्समधून (गिटार अँपशिवाय थेट रेकॉर्डिंगला जोडणारी डबी) कोरा सिग्नलही रेकॉर्ड करा. पुढे टोन आवडला नाही तर रीअँप करता येतं, म्हणजे तोच कोरा सिग्नल पुन्हा अँपमधून काढून नवा टोन घेता येतो.

ट्यूनिंग प्रत्येक टेकआधी तपासा. खाली उतरवलेली तार जोरात छेडली की स्वर क्षणभर वर चढतो, म्हणून ट्यूनरसमोरही रेकॉर्डिंगइतक्याच जोरात वाजवा. मिक्समध्ये गिटारचा साधारण ८० हर्ट्झखालचा भाग कापा. ती जागा बेस आणि किक ड्रमची.