ड्रमऐवजी डिस्क बसवल्यावर पुढची चाके धरून राहत असतील तर

१९६७ च्या मस्टँगला पुढे डिस्क ब्रेक बसवल्यानंतर गाडी थोडी चालली की पेडल सोडूनही पुढची चाके धरून राहत आणि डिस्क प्रचंड तापत. कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारे भाग) बदलले, रबरी होज नवे घातले, ब्रेकच्या तेलातली हवा पुनःपुन्हा काढली. पदरी पडला तो केवळ वैताग.

शेवटी, चाके धरलेली असतानाच मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग) नट सैल केले, तरी ती सुटली नाहीत, म्हणजे पुशरॉड (पेडलचा जोर सिलिंडरला देणारा दांडा) लांब नव्हता. मग पुढच्या ब्रेकचा पाइप सिलिंडरपाशी सैल करताच तेल उसळले (खाली फडके ठेवावे, हे तेल रंग खाते) आणि चाके मोकळी झाली. ड्रमच्या जुन्या सिलिंडरच्या तोंडाशी सुमारे १० पीएसआय दाब रोखून धरणारी झडप असते. ड्रममधील स्प्रिंगा त्यावर मात करतात, कॅलिपरमध्ये मात्र तशा स्प्रिंगा नसतात.

म्हणून पुढे डिस्क, मागे ड्रम अशा जोडीसाठीचा मास्टर सिलिंडर आणला, बाकावर शिकंज्यात धरून आधी त्यातील हवा काढली, तो बसवून पुशरॉडला किंचित मोकळीक ठेवली आणि मागच्या उजव्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. मागची चाके आधी घसरू नयेत म्हणून मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही बसवावा.