मसाई मारातल्या छोट्या तंबू-कॅम्पमध्ये राहायचं असेल तर

केनियातल्या मसाई मारात राहायच्या जागा ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एक म्हणजे कुंपणाच्या आतली, पोहायच्या तलावासकट असलेली मोठी लॉज. दुसरे सहा ते बारा तंबूंचे छोटे कॅम्प. यांना बहुधा कुंपण नसतं, त्यामुळे रात्री हत्ती, पाणघोडे, तरस तंबूंच्या मधून वाट काढतात. हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. इथे कोपऱ्यावर दुकान नसतं, स्वयंपाकघरातलं बहुतेक सामान नैरोबीहून किंवा वाटेवरच्या नारोक शहरातून गाडीने येतं आणि वीज सौर पॅनेलवर असते. त्यामुळे तुमची सोय कशी होईल हे बरंचसं तुम्ही निघण्यापूर्वी काय विचारलंत आणि काय कळवलंत यावर ठरतं.

बुकिंगच्या आधी

आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी मारासाठी सोयीची नाही. मार्च ते मे हा तिथला मोठा पावसाळा. जमीन बऱ्याच ठिकाणी काळी, अगदी विदर्भातल्या कापसाच्या शेतासारखी. दोन सरी पडल्या की फोर-व्हील ड्राइव्ह गाडीही रुतते. बरेच छोटे कॅम्प एप्रिल-मेमध्ये बंदच असतात. विल्डबीस्टचे (गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या कुरंगांचे) कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात, पण नेमकी तारीख पावसावर अवलंबून असते. अमुक दिवशी ते मारा नदी ओलांडताना नक्की दिसतील असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर छोट्या पावसाची तयारी ठेवा. गर्दी नको आणि सिंह-चित्ते निवांत पाहायचे असतील तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. शिवाय प्रवेश शुल्कातही मोठा फरक पडतो: २०२४ पासून परदेशी प्रौढ माणसाला राखीव क्षेत्रात, म्हणजे मसाई मारा नॅशनल रिझर्व्हमध्ये, दिवसाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर लागतात. तिकीट बारा तासांचं असतं, म्हणून शेवटच्या दिवशी किती वाजेपर्यंत गेटबाहेर पडायचं हे कॅम्पला आधीच विचारून ठेवा.

कॅम्प राखीव क्षेत्रात आहे की कॉन्झर्व्हन्सीत, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी या कॉन्झर्व्हन्सी म्हणजे मसाई कुटुंबांनी आपापल्या जमिनी एकत्र करून वन्यजीवांसाठी भाड्याने दिलेला प्रदेश. तिथे गाड्या मोजक्या असतात. रात्रीची सफारी, गाईडबरोबर पायी फेरी, रस्ता सोडून प्राण्याच्या जवळ जाणं, हे सगळं तिथे चालतं. राखीव क्षेत्रात यातलं काही चालत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने मुक्काम कॉन्झर्व्हन्सीत करावा आणि मारा नदीसाठी एक दिवस वेगळं शुल्क भरून राखीव क्षेत्रात जावं, असं आमचं मत आहे.

त्यानंतर विचारा: गाडी फक्त तुमची की इतरांबरोबर? प्रत्येकाला खिडकी मिळेल का? गाईडकडे केनिया प्रोफेशनल सफारी गाईड्स असोसिएशनचा ब्रॉन्झ, सिल्व्हर किंवा गोल्ड दाखला आहे का? मुलांसाठी किमान वय किती? पायी फेरीला ही अट बहुतेक ठिकाणी जास्त कडक असते. मुलं लहान असतील तर शेजारशेजारचे दोन तंबू घेऊ नका, आतून जोडलेल्या दोन खोल्यांचा फॅमिली तंबू मागा. रात्री दोन तंबूंच्या मधलं दहा पावलांचं अंतरही तुम्हाला एकट्याने चालता येत नाही.

कागदपत्रं, लस, बॅग

केनियासाठी ईटीए, म्हणजे प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना, ऑनलाइन काढावा लागतो. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या. या लसीचं पिवळं प्रमाणपत्र नसेल तर परतताना मुंबई विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मारात मलेरिया आहे आणि क्लोरोक्विन तिथे उपयोगाचं नाही. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायची असते, डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे. कोणती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. डास गेले, ताप नाही, म्हणून मध्येच थांबवू नका.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने मारात पाऊण तासात पोहोचता येतं. त्यात सामान साधारण १५ किलो, हातातल्या बॅगेसकट, आणि बॅग मऊ हवी. चाकांची कडक सूटकेस विमानाच्या पोटातल्या अरुंद जागेत मावत नाही आणि ऐनवेळी मागे ठेवावी लागते. जास्तीचं सामान नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जा. रस्त्याने नारोकमार्गे पाच-सहा तास लागतात.

मारा विषुववृत्ताजवळ आहे म्हणून फक्त सुती कपडे भरले, ही नेहमीची चूक. उंची दीड हजार मीटरच्या वर आहे. पहाटे उघड्या गाडीत तापमान बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतं, त्यात वारा. कानटोपी, फ्लीस, वारा अडवणारं जाकीट हवंच. दुपारी ऊन कडक, तेव्हा रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन. कपडे खाकी, मातकट, शेवाळी रंगाचे घ्या. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे चावणाऱ्या त्सेत्से माशा खेचल्या जातात, आणि लष्करी छापाचे कपडे तर नकोतच. ड्रोन घरी ठेवा. परवान्याशिवाय तो विमानतळावरच काढून घेतात.

केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे आणि जून २०२० पासून संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकलाही. म्हणजे बॅगेतले कपडे, चपला, ओला टॉवेल यांच्यासाठी कापडी पिशव्या हव्यात. चिवडा-लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात. प्रत्येकाला एक दुर्बीण असू द्या, ८ × ४२ ची. एकच दुर्बीण हातोहात फिरेपर्यंत बिबट्या झाडावरून उतरून गेलेला असतो.

तंबूत

तंबू जाड कॅनव्हासचा असतो, जमिनीचं कापड भिंतींना शिवलेलं, खिडक्यांना जाळी, मागच्या बाजूला न्हाणीघर. दाराला दोन थर: आत जाळी, बाहेर कॅनव्हास. बाहेर जाताना आणि आत आल्यावर चेन पूर्ण खालपर्यंत आणा, दोन्ही टोकं खालच्या कोपऱ्यात जुळवा आणि दिलेल्या हुकात अडकवा. मध्ये बोटभर फट राहिली तरी बबून आणि माकडं तिच्यात बोटं घालून चेन उघडतात. ती आत शिरली की पहिल्यांदा खाऊ शोधतात. म्हणून चिवडा, फळं, बिस्किटं, चघळायच्या गोळ्या तंबूत ठेवायच्याच नाहीत. नाव लिहून स्वयंपाकघरात द्या. टूथपेस्टही पेटीत बंद. बूट बाहेर काढून ठेवू नका: तरस चामडं पळवतं. आतले बूटही सकाळी झटकून घाला.

पाऊस पडत असताना आतून कॅनव्हासला हात किंवा बॅग टेकवू नका. टेकलेल्या जागेतून पाणी झिरपायला लागतं. रात्री आत दिवा असला की बाहेरून तुमची सावली स्पष्ट दिसते, तेव्हा कपडे बदलण्याआधी कॅनव्हासचे पडदे सोडा. आवाजही अडत नाही, शेजारच्या तंबूतलं बोलणं ऐकू येतं.

आंघोळ बहुतेक ठिकाणी बादलीच्या शॉवरने. तंबूमागे दोरी-कप्पीवर टांगलेल्या पिशवीत साधारण वीस लिटर गरम पाणी भरतात. वेळ आधी सांगावी लागते, कारण पाणी चुलीवर तापतं. कर्मचारी पाणी भरून झालं की मागून हाक मारतो. मग क्रम असा: मिनिटभर पाणी सोडून अंग भिजवा, नळ पूर्ण बंद करा, साबण लावा, आणि मगच पुन्हा सोडा. नळ चालू ठेवून साबण लावणाऱ्याचं पाणी चार-पाच मिनिटांत संपतं आणि अंगावर फेस तसाच राहतो. केस धुवायचे असतील तर दोन बादल्या सांगा आणि संध्याकाळी नव्हे, दुपारी धुवा. उन्हात वाळतात, हेअर ड्रायर तिथे चालत नाही. दीड हजार वॅटचा ड्रायर लावला की इन्व्हर्टर बसतो आणि अख्ख्या कॅम्पचे दिवे जातात. इस्त्री, किटली यांचंही तेच. फोन-कॅमेरा चार्ज करायला चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश प्लग लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी चार्जिंग फक्त जेवणाच्या तंबूत असतं. इन्सुलिन थंड ठेवायचं असेल किंवा झोपताना श्वासाचं मशीन लागत असेल तर बुकिंग करतानाच कळवा.

कपडे धुऊन मिळतात, पण अंतर्वस्त्रं बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. तुम्ही स्वतः धुतलेले कपडे झुडपावर वाळत घालू नका: काही माशा ओलसर कपड्यांवर अंडी घालतात आणि अळी कातडीत शिरते. कॅम्पमध्ये सगळ्या कपड्यांवर इस्त्री फिरवतात ती त्यासाठीच.

अंधार पडल्यावर

इथे एकच नियम: तंबूच्या ओसरीपुढे एकट्याने पाऊल टाकायचं नाही. जेवायला जाताना, परत येताना अस्करी म्हणजे पहारेकरी सोबत येतो. त्याला बोलावायचं असेल तर ओसरीत उभं राहून जेवणाच्या तंबूच्या दिशेने टॉर्च दोन-तीनदा उघडझाप करा, किंवा वॉकी-टॉकी दिलेला असेल तर त्यावर सांगा. शिट्टी दिलेली असते ती फक्त आग, दुखापत, तंबूत साप अशा प्रसंगांसाठी. चालताना अस्करी पुढे, तुम्ही मागे एका ओळीत, टॉर्चचा झोत जमिनीवर. तो थांबला की थांबा, कारण विचारू नका. समोर बफेलो किंवा पाणघोडा असेल तर तो हाताने मागे सरकायची खूण करेल. तोंड प्राण्याकडे ठेवून सावकाश मागे या. पळायचं नाही. पाणघोडा रात्री चरायला पाण्याबाहेर येतो, आणि त्याच्या व पाण्याच्या मध्ये सापडणं सगळ्यात धोक्याचं.

बंद तंबू सिंहाला किंवा तरसाला आत शिरायची जागा वाटत नाही. ते त्याला वळसा घालून जातात. दार उघडं ठेवलं तर हे संरक्षण संपतं. उकडतंय म्हणून चेन अर्धी उघडी टाकून झोपू नका, जाळीतून वारा पुरेसा येतो.

पहिल्या रात्री झोप लागत नाही ती आवाजांमुळे, म्हणून ते ओळखायला शिका. तंबूला लागून गवत उपटल्याचा एका लयीतला आवाज: पाणघोडा किंवा बफेलो चरतोय. फांदी मोडते आणि खोल गुरगुर ऐकू येते: हत्ती. खालून वर चढत जाणारी लांब ‘ऊऽऽप’ हाक तरसाची. सिंहाची डरकाळी शेवटी तुटक हुंकारांवर येते आणि शांत रात्री आठ किलोमीटरपर्यंत पोहोचते, तेव्हा जवळ वाटला तरी तो बहुधा लांब असतो. नदीकाठच्या झाडीत कोणी गळा काढून किंचाळत असेल तर तो सशाएवढा ट्री हायरॅक्स. यातल्या कशासाठीही उठायची गरज नाही. हत्तीवर टॉर्च मारू नका, फोटोसाठी चेन उघडू नका. आणि पांघरुणात पायाला काही गरम, मऊ लागलं तर घाबरू नका: तुम्ही जेवत असताना कर्मचारी गरम पाण्याची पिशवी ठेवून जातात.

दिवस आणि जेवण

साडेपाचला चहा-कॉफी तंबूशी येते, साडेसहाच्या आत गाडी निघते. केनियाची वेळ आपल्या अडीच तास मागे असल्याने पहिले दोन दिवस उठणं जड जात नाही. गाडीत प्राण्याजवळ उभं राहू नका, हाका मारू नका. लघवीला जायचं असेल तर गाईडला वेळेत सांगा. तो जागा तपासून गाडीच्या मागे थांबायला सांगतो. टिश्यू तिथे टाकायचा नाही, कागदी पिशवीत परत आणायचा.

केनियात भारतीय कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत, त्यामुळे शाकाहार कॅम्पच्या आचाऱ्यांना नवा नाही. चपाती, मुगाची उसळ म्हणजे न्देंगू, राजम्यासारखे महारागवे, सुकुमा विकीची पालेभाजी हे रोजचं आहे आणि चवीला आपल्या जवळचं. मागितलंत तर मिळतं, नाहीतर पाहुण्यांसाठी पास्ता येतो. फक्त ‘व्हेज’ एवढंच कळवू नका. अंडं चालतं का, मासे, चिकनच्या पाण्यातलं सूप, हे वेगवेगळं लिहा. जैन जेवण हवं असेल तर तीन-चार आठवडे आधी. मोसमाचा ऐन भाग श्रावणात येतो, तेव्हा उपवासाच्या तारखाही कळवा: रताळी, अरवी, शेंगदाणे, केळी, दूध तिथे सहज असतं. साबुदाणा मात्र घरून न्या.

पावसाळी दिवसांत नैरोबी फ्लाय नावाचा लाल-काळा बारीक किडा अंगावर बसतो. तो चिरडला तर त्यातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते. फुंकून उडवा, चुकून चिरडलाच तर साबणाने लगेच धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. डासांसाठी २० ते ३० टक्के डीट असलेलं मलम संध्याकाळपासून.

बक्षिसीसाठी २०१३ नंतरच्या, न फाटलेल्या डॉलरच्या नोटा ठेवा, जुन्या कोणी घेत नाही. गाईडला शेवटच्या दिवशी हातात, बाकी कर्मचाऱ्यांसाठी जेवणाच्या तंबूतल्या पेटीत. पेटीतले पैसे भांडी घासणाऱ्यापासून रात्रीच्या अस्करीपर्यंत वाटले जातात, त्यामुळे ती चुकवू नका. दुर्गम भागातून रुग्णाला विमानाने नैरोबीला हलवायची सोय ॲमरेफ फ्लाइंग डॉक्टर्सकडे आहे. कॅम्पच्या दरात तिचं सदस्यत्व धरलंय का ते पाहा आणि आपला प्रवास विमाही तपासा.

घरी आल्यावर मलेरियाची गोळी ठरलेल्या दिवसांपर्यंत घ्या. पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी रक्ततपासणी करा आणि केनियाला जाऊन आल्याचं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. तिथला फॅल्सिपेरम मलेरिया दोन-तीन दिवसांत गंभीर होऊ शकतो.