गाडीत चुकीचे इंधन पडले तर: सेल्फ मारण्याआधी काय करावे

पंपावरच्या मुलाने "झिरो बघा" म्हटले की आपण सगळेच मान वळवून आकडा शून्यावर आल्याची खात्री करून घेतो. परंतु त्याच्या हातातील नोझल पेट्रोलचे आहे की डिझेलचे, याकडे क्वचितच कोणी पाहते. गेल्या दिवाळीत साताऱ्याहून कराडला निघताना मीही पाहिले नव्हते. गाडी मेव्हण्यांची, डिझेलवर चालणारी. त्याच मॉडेलची माझी गाडी मात्र पेट्रोलची आहे. महामार्गालगतच्या पंपावर मोठी रांग होती. काच खाली करून मी "दोन हजारांचे टाका" एवढेच सांगितले आणि मागे बसलेल्या मुलांशी बोलत राहिलो. बिल हातात आल्यावर त्यावर छापलेल्या 'एमएस' या दोन अक्षरांवर नजर गेली. पंपाच्या भाषेत एमएस म्हणजे मोटर स्पिरिट, अर्थात पेट्रोल. डिझेल भरले असते तर तेथे 'एचएसडी' असे छापलेले असते. किल्ली फिरवायची राहिली होती, म्हणून ते इंजिन वाचले.

त्यामुळे पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना हीच की, चुकीचे इंधन पडल्याची नुसती शंका आली तरी सेल्फ मारू नये, आणि डॅशबोर्डवरचे दिवे लागतील इतकी किल्लीही फिरवू नये. अनेक गाड्यांमध्ये इंधनाच्या टाकीतच एक विजेवर चालणारा पंप बसवलेला असतो आणि इग्निशन ऑन होताच, इंजिन सुरू होण्यापूर्वीच, तो टाकीतील इंधन पुढच्या नळ्यांमध्ये ढकलू लागतो. टाकीत असेपर्यंत चुकीचे इंधन ही केवळ टाकी रिकामी करण्याची बाब असते. ते फिल्टर ओलांडून पुढे गेले की कामही वाढते आणि खर्चही. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबले तरी इग्निशन ऑन होते, म्हणून अशा वेळी बटणाला हातच लावू नये.

रांगेत मागे उभे असलेले लोक हॉर्न वाजवू लागतात, पंपावरचा मुलगाही घाबरून "दादा, गाडी थोडी पुढे घ्या" म्हणतो, आणि नेमक्या याच क्षणी चूक घडते. अशा वेळी शांतपणे खाली उतरावे, गाडी न्यूट्रलला टाकावी आणि चार जणांच्या मदतीने ढकलत हवा भरण्याच्या कोपऱ्यात नेऊन लावावी. स्टिअरिंग लॉक झाले असेल तर किल्ली फक्त पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवावी, पुढे नाही. इंजिन बंद असताना ब्रेक जड लागतो आणि स्टिअरिंगही जड होते, त्यामुळे ढकलणाऱ्यांना आधी तशी कल्पना द्यावी. ऑटोमॅटिक गाडी इग्निशनशिवाय न्यूट्रलला जात नसेल, तर गिअर अडकवून ठेवणारे शिफ्ट लॉक सोडवण्याची सोय गाडीच्या पुस्तिकेत पाहावी. ती सापडली नाही तर गाडी जागेवरच ठेवून त्या नोझलची रांग दुसरीकडे वळवायला लावावी.

डिझेल गाडीत पेट्रोल पडणे हे पेट्रोल गाडीत डिझेल पडण्यापेक्षा इतके घातक का, हे समजून घेतले की पुढचे निर्णय सोपे होतात. डिझेल हे जळण तर आहेच, पण इंधनावर दाब देणारा हाय प्रेशर पंप आणि ते इंजिनात फवारणारे इंजेक्टर यांच्यासाठी ते वंगणही आहे. आजच्या कॉमन रेल इंजिनांमध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच सामायिक नळीतून (रेलमधून) इंधन पुरवणाऱ्या इंजिनांमध्ये, इंधनाचा दाब 1600 ते 2000 बारपर्यंत, काही इंजिनांत त्याहूनही वर जातो, आणि एवढ्या दाबाखाली एकमेकांवर सरकणारे पंपाचे सुटे भाग केवळ डिझेलच्या स्निग्धपणावर टिकून असतात. पेट्रोलमध्ये तो स्निग्धपणा नसतो. उलट असलेले वंगणही ते धुऊन काढते. मग धातूवर धातू घासून लोखंडाचा बारीक कीस सुटतो, तो रेलमधून थेट इंजेक्टरपर्यंत पोहोचतो, आणि टाकीपासून इंजेक्टरपर्यंतची सगळी यंत्रणा बदलण्याची वेळ येऊ शकते. वेळीच टाकी रिकामी केली तर जे काम काही हजारांत निभावते, तेच अशा वेळी लाखाच्या घरात जाते. जुन्या, साध्या यांत्रिक पंपाच्या डिझेल गाड्या काही प्रमाणात सोशिक होत्या, आणि "थोडे पेट्रोल पडले तर काही होत नाही, वरून डिझेलने टाकी फुल करा" हा सल्ला त्या काळातला आहे. आजच्या गाडीसाठी तो सल्ला मी कोणालाही देणार नाही, मग पडलेले पेट्रोल दोन लिटर का असेना.

पेट्रोल गाडीत डिझेल पडले तर प्रकार वेगळा असतो. डिझेल हे हवा दाबून तापवल्यावर आपोआप पेटणारे इंधन आहे, तर पेट्रोल इंजिनात दाब त्या मानाने कमी असतो आणि ठिणगी प्लग देतो. त्या ठिणगीने डिझेल नीट पेटत नाही, प्लगवर काजळी धरते, गाडी धक्के देते, सायलेन्सरमधून दाट धूर येतो आणि थोड्याच अंतरावर ती बंद पडते. यात इंजिनाची कायमची हानी सहसा होत नाही. तरीही, न जळलेले डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळू शकते आणि सायलेन्सरच्या मार्गातील, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो, म्हणून "चालते आहे तोवर चालवू" असे करू नये. सीएनजीची जोड असलेल्या गाड्या आपल्याकडे आता पुष्कळ आहेत. पेट्रोलच्या टाकीत डिझेल पडले तरी गॅसवर घर गाठता येईल, असे कित्येकांना वाटते. परंतु यांतील बहुतेक गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, त्यामुळे हा मार्ग उपयोगाचा नाही.

चूक लक्षात येण्याआधीच गाडी रस्त्यावर आली असेल, तर लक्षणे ओळखता आली पाहिजेत. डिझेल गाडीत पेट्रोल गेले की इंजिनाचा ठोका वाढतो, ओढ कमी होते, इंजिनाचा दिवा लागतो आणि गाडी अचानक बंद पडते. खंबाटकी घाटासारख्या चढावर हे घडले तर गोंधळ होणे स्वाभाविक आहे; तरी पुढच्या गावापर्यंत रेटण्याचा मोह टाळावा, चारही इंडिकेटर लावून गाडी डाव्या कडेला घ्यावी आणि लगेच इंजिन बंद करावे. प्रवाशांना रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला उभे करावे आणि लाल त्रिकोण बराच मागे ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 या क्रमांकावर मदत मागता येते, आणि जिवाला धोका असेल तर 112 आहेच. गाडी हलवताना मागून धक्का मारून गिअरमध्ये सुरू करण्याचा प्रयत्न अजिबात करू नये, कारण परिणामाच्या दृष्टीने ते सेल्फ मारण्यासारखेच आहे. टोचन लावून न्यूट्रलमध्ये नेणे जवळच्या अंतरासाठी ठीक. ऑटोमॅटिक गाडी मात्र उचलून नेणाऱ्या वाहनावरच घालावी.

टाकीत नक्की काय पडले आहे, याची खात्री नसेल तर पंपावरच एक साधी चाचणी करता येते. पेट्रोलचा दर्जा पाहण्यासाठी पंपावर फिल्टर पेपर ठेवलेला असतो आणि तो ग्राहकाला मागता येतो. नोझलच्या टोकाचा एक थेंब त्यावर टाकला की पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जाते आणि कागद कोरा राहतो, तर डिझेलचा तेलकट डाग तसाच राहतो. मात्र पेट्रोल आणि डिझेल एकमेकांत पूर्ण मिसळतात, पाण्यासारखे तळाशी वेगळे बसत नाहीत. त्यामुळे "खालचे तेवढे काढून टाकू" ही कल्पना चुकीची आहे आणि टाकी पूर्णच रिकामी करावी लागते.

हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. कराडहून मी ज्यांना बोलावले त्यांचा फोनवरचा पहिला प्रश्न "सेल्फ मारलाय का?" हाच होता, आणि नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज लगेच सैल झाला. त्यांनी नळी काढून टाकी पूर्ण उपसली, दोन-तीन लिटर स्वच्छ डिझेल टाकून ती धुऊन पुन्हा रिकामी केली, फिल्टर नवा बसवला, नळ्यांत अडकलेली हवा (एअर) काढली आणि मगच गाडी सुरू केली. इंजिन आधीच चालले असेल तर मेकॅनिकला जुना फिल्टर आपल्यासमोर उघडायला सांगावे. त्यातील इंधन पांढऱ्या भांड्यात ओतून उन्हात धरले आणि त्यात धातूची चमचम दिसली, तर पंप आणि इंजेक्टर तपासल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. पेट्रोल गाडीच्या बाबतीत प्लग साफ करणे किंवा बदलणे आणि ऑइल पाहणे ही दोन कामे वाढतात.

तोंडाने नळी ओढून इंधन काढण्याची सवय गावाकडे अजूनही दिसते. ती जीवघेणी आहे. पेट्रोलचा एखादा घोट फुप्फुसात गेला तरी तेथे गंभीर दाह होतो. कोणी चुकून गिळले असेल तर ओकारी काढण्याचा प्रयत्न न करता त्याला थेट दवाखान्यात न्यावे. शिवाय डिझेलमध्ये पेट्रोल मिसळले की ते मिश्रण पेट्रोलइतक्याच सहज पेट घेते, म्हणून उपसा मोकळ्या हवेत करावा आणि जवळपास विडी-सिगारेट किंवा गॅसची शेगडी नसावी.

डिझेलच्या बऱ्याच नव्या गाड्यांना निळ्या झाकणाची आणखी एक टाकी असते आणि तिच्यात युरिया व शुद्ध पाणी यांचे डीईएफ नावाचे द्रावण भरतात. हे द्रावण डिझेलच्या टाकीत पडणे पेट्रोलपेक्षाही वाईट, कारण त्याचे स्फटिक बनून नळ्या आणि पंप जाम होतात आणि धातू गंजतो. उपाय तोच: गाडी सुरू न करता टाकी रिकामी करणे.

चूक पंपाची असेल तर पंपावरच व्यवस्थापकाला बोलावून बिल, नोझलचा क्रमांक आणि वेळ यांची नोंद करावी, तक्रारवहीत लिहून तिचा फोटो घ्यावा आणि सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती करावी. बहुतेक व्यवस्थापक टाकी रिकामी करण्याचा खर्च वाद न घालता देतात, असा माझ्या ओळखीच्या लोकांचा अनुभव आहे. तसे झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर आणि त्यानंतर सातारा किंवा सांगली येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. विम्याची फार आशा धरू नये, कारण साध्या पॉलिसीत हे नुकसान अपघात म्हणून सहसा धरले जात नाही. काही रस्त्यावरील मदतीच्या जोड योजनांत मात्र टाकी रिकामी करून देण्याची सोय असते, म्हणून आपली पॉलिसी आजच वाचून ठेवावी.

पुढच्या वेळेसाठी सांगायचे तर रक्कम सांगण्याआधी इंधनाचे नाव घ्यावे आणि नोझल टाकीत जाण्यापूर्वी यंत्रावरचे नाव वाचावे. नव्या नंबर प्लेटसोबत पुढच्या काचेवर आतून लावायचा स्टिकर डिझेलसाठी नारिंगी आणि पेट्रोल व सीएनजीसाठी फिकट निळा असतो. पण गर्दीत पंपावरचा मुलगा तो पाहीलच असे नाही. म्हणून इंधनाच्या झाकणाच्या आत ऑइलपेंटने ठळक 'डिझेल' लिहून घेणे मला अधिक खात्रीचे वाटते, आणि मेव्हण्यांच्या गाडीवर मी ते स्वतः लिहिले आहे. घरी ट्रॅक्टरचे डिझेल आणि फवारणी पंपाचे पेट्रोल सारख्याच कॅनमध्ये ठेवले जात असेल, तर त्या कॅनवरही नावे टाकावीत.

टाकीतून निघालेले मिश्रण दुसऱ्या कोणत्याही गाडीत, ट्रॅक्टरमध्ये किंवा स्टोव्हमध्ये वापरू नये, गटारात किंवा ओढ्यात ओतू नये, आणि उसाचे पाचट पेटवायला तर मुळीच घेऊ नये. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढणाऱ्याच्या अंगावरच भडका येतो. ते घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडेच द्यावे आणि जुन्या ऑइलसोबत ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जाईल, एवढे त्याच्याकडून कबूल करून घ्यावे.