ब्रेक्झिटनंतर करारातला 'इंग्लंडचं कोर्ट' क्लॉज : या चुका टाळा

जुन्या करारातला कोर्टाचा क्लॉज, म्हणजे वाद झाला तर कोणत्या देशाच्या कोर्टात जायचं ते ठरवणारं कलम, उचलून नव्या करारात चिकटवायचा, ही सगळ्यात कॉमन चूक, आणि वकीलही करतात बरं का. क्लॉज काही बाद झालेला नाही, पण त्याला ज्या कायद्याचा आधार होता तोच बदललाय. 31 डिसेंबर 2020 पर्यंत युरोपियन युनियनचा ब्रसेल्स नियम (कोणत्या देशाच्या कोर्टात दावा चालेल आणि निकाल कुठे मानला जाईल याचा) होता, त्यात 'फक्त इंग्लंड' पण चालायचं आणि 'इंग्लंडलाही जाता येईल' पण चालायचं. आता युके आणि युनियनमध्ये 2005 चं हेग कन्व्हेन्शन (करारात निवडलेल्या कोर्टाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) आहे आणि ते फक्त एक्सक्लुझिव्ह, म्हणजे 'फक्त इंग्लंड'सारख्या, क्लॉजलाच लागतं.

बँकांची खरी गोची इथेच होते. लोन अ‍ॅग्रीमेंटमध्ये कर्जदाराने लंडनलाच यायचं पण बँक वाटेल तिथे दावा लावणार, असं एकतर्फी लिहिलेलं असतं. 2020 मध्ये इतिहाद एअरवेजच्या केसमध्ये इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलने जाता जाता म्हटलं की असा क्लॉज हेगमध्ये बसत नसावा. मग जर्मनीत दावा लागला तर तिथल्या कोर्टाला थांबवायला हेग हाताशी नाही.

दुसरा घोळ तारखांचा. दावा 2020 संपायच्या आत लागला असेल तर जुनाच नियम, मग निकाल कधीही लागो. दावा नंतरचा असेल तर क्लॉज कधी झाला ते बघायचं, आणि इथे युके म्हणतं हेग आम्हाला 1 ऑक्टोबर 2015 पासून लागू, तर युरोपियन कमिशनचं म्हणणं 1 जानेवारी 2021 पासून. मधल्या काळातला करार असेल तर वाद घालत बसू नका, छोटं अमेंडमेंट करून क्लॉज नव्या तारखेने परत लिहून सह्या घ्या, तेही वाद सुरू व्हायच्या आधी, नंतर समोरचा सही कशाला करेल?

1 जुलै 2025 पासून युकेला 2019 चं हेग (परदेशी कोर्टांचे निकाल मानण्याबद्दलचं वेगळं कन्व्हेन्शन) पण लागू झालंय, त्यामुळे त्यानंतर लावलेल्या दाव्यांत एक्सक्लुझिव्ह नसलेल्या क्लॉजवरचा निकालही युनियनमध्ये वसुलीला नेता येतो. पण ते निकालापुरतंच, दुसऱ्या देशात समांतर दावा चालू असेल तर तो त्याने थांबत नाही. आणि मालवाहतूक दोन्हींच्या बाहेर आहे, बिल ऑफ लेडिंगवाल्यांनी (म्हणजे जहाजाने पाठवलेल्या मालाच्या पावतीवर व्यवहार करणाऱ्यांनी) हे आधी बघावं.

भारत यातल्या कशातच नाही. पुण्यातल्या कंपनीविरुद्ध इंग्लंडच्या हायकोर्टाचा पैशाचा निकाल असेल तर तो आधीही सीपीसीच्या (भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या) कलम 44अ मधून वसुलीला यायचा, आताही तसाच येतो.