जपानच्या आलिशान पर्यटन रेल्वेगाड्या: या चुका टाळा

जपानला जायचं ठरलं की लोक आधी विमानाची तिकिटं काढतात, मग हॉटेलं, मग शिंकान्सेन (बुलेट ट्रेन). सगळं पैसे भरून पक्कं झालं की विचारतात, "ती काचेची सुंदर गाडी असते ना, तिच्यात बसायचंय, कसं करायचं?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: आता नाही. यातल्या बऱ्याच गाड्या आठवड्यातून ठरावीक दिवशीच धावतात, सीट मोजक्या असतात आणि जपानी प्रवासी त्या महिनाभर आधी सकाळी दहाच्या ठोक्याला उचलतात. म्हणून आधी गाडीची तारीख पकडायची आणि बाकीची सहल तिच्याभोवती बसवायची. हा क्रम उलटा केला की पुढच्या बहुतेक चुका आपोआप होतात.

सगळ्या गाड्या एकाच माळेचे मणी समजणं

क्यूशूची 'सेव्हन स्टार्स' (ऑक्टोबर २०१३ पासून), जेआर ईस्टची (जेआर म्हणजे जपान रेल्वेज हा कंपन्यांचा गट) 'शिकी-शिमा' (मे २०१७) आणि जेआर वेस्टची 'ट्वायलाइट एक्सप्रेस मिझुकाझे' (जून २०१७) या चालत्या हॉटेलांसारख्या 'क्रूझ' गाड्या. यांचं तिकीट खिडकीवर मिळत नाही. कित्येक महिने आधी अर्ज करायचा, अर्ज जास्त आले की सोडत निघते. सेव्हन स्टार्समध्ये २०२२ च्या नूतनीकरणानंतर खोल्या १४ वरून १० झाल्या, म्हणजे एका फेरीत २० प्रवासी. शिकी-शिमात १७ खोल्या, ३४ प्रवासी. खर्च माणशी काही लाख येनपासून पुढे. "एप्रिलच्या ३ तारखेलाच हवी, कारण ४ ला क्योटोचं हॉटेल आहे" असा हट्ट इथे चालत नाही. दोन-तीन तारखा मोकळ्या ठेवूनच अर्ज करा.

दुसरं म्हणजे, या गाड्या तुम्हाला कुठे पोचवण्यासाठी नाहीतच. सेव्हन स्टार्स हाकाताहून निघून हाकातालाच परत येते, शिकी-शिमा उएनोहून उएनोला. तिला 'टोकियो ते होक्काइदो' या रकान्यात भरून विमानाचं एकेरी तिकीट वाचवायचा हिशेब करणारे लोक आहेत, खरंच आहेत. कपड्यांचे आणि मुलांच्या वयाचे नियमही असतात. जीन्स आणि चपला घालून जेवणाच्या डब्यात जायचं नाही.

"पास आहे ना, फरक भरू"

ही चूक इतक्या वेळा होते की सविस्तरच सांगायला हवं.

पहिली गोष्ट: जेआर पास (परदेशी पर्यटकांसाठीचा, ठरावीक दिवस हवं तितकं फिरायचा पास) फक्त जेआरच्या गाड्यांना. ओसाका-नाम्बा, क्योटो आणि नागोयाहून काशिकोजिमाला जाणारी 'शिमाकाझे' ही किंतेत्सुची. आसाकुसाहून निक्को आणि किनुगावाला जाणारी 'स्पेशिया एक्स' तोबूची. शिंजुकूहून हाकोनेला जाणारी 'रोमान्सकार' ओदाक्यूची. तिन्ही खासगी, तिघींवर जेआर पासचा काही उपयोग नाही. कंपनीचा स्वतःचा पास घेतला तरी सुटका नाही. हाकोने फ्रीपासवर रोमान्सकारचं जादा भाडं वेगळं पडतं आणि किंतेत्सु रेल पासवर लिमिटेड एक्सप्रेसचं (कमी थांब्यांच्या जलद गाडीचं) तिकीट वेगळं काढावं लागतं. शिमाकाझेला तर तीन थर आहेत: मूळ भाडं, लिमिटेड एक्सप्रेसचं जादा भाडं आणि वर शिमाकाझेच्या खास डब्याचं जादा भाडं. यातला एखादा थर नसला तर बसता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. गाडी जेआरची आहे, पास साधा आहे आणि गाडीत फक्त ग्रीन, म्हणजे वरच्या वर्गाचे, डबे आहेत. आपल्याकडच्या सवयीने लोक धरून चालतात की वरच्या वर्गाचा फरक तेवढा भरायचा. जपानमध्ये हा 'फरक' नसतो. साध्या पासवर ग्रीनमध्ये बसलात तर पास फक्त मूळ भाड्यापुरता धरतात. लिमिटेड एक्सप्रेसचं जादा भाडं आणि ग्रीनचं जादा भाडं, दोन्ही पूर्ण द्यायचं.

ठाण्याच्या दोन जोडप्यांचं असंच झालं. टोकियोहून इझुक्यू-शिमोदाला जाणारी 'साफिर ओदोरिको' त्यांना हवी होती. ही गाडी मार्च २०२० पासून आहे. सगळे डबे ग्रीन, एक डबा प्रीमियम ग्रीन आणि काही बंद खोल्या. चौघांकडे सात दिवसांचा साधा पास. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत माणशी ५०,००० येन झाली होती, त्यामुळे "आता आणखी कशाला पैसे" हा त्यांचा सूर समजण्यासारखा होता. टोकियोत ग्रीनच्या सीटसाठी दोन्ही जादा भाडी भरताना पहिला धक्का बसला. दुसरा बसला शिमोदाला. इतोपर्यंतची लाइन जेआरची, पुढची इझुक्यू या खासगी कंपनीची. देशभराचा जेआर पास इतोलाच संपतो. त्यापुढचं मूळ भाडंही खिशातून, आणि जादा भाडी वेगळी. फाटकावरच्या कर्मचाऱ्याशी अर्धा तास हुज्जत घालून काही निष्पन्न झालं नाही, कारण तो बरोबर होता. त्या चौघांना समुद्र बघायचा होता, आणि तोच समुद्र साध्या 'ओदोरिको'च्या राखीव डब्यातून दिसला असता. तिथे इतोपर्यंत पास चालतो, फक्त पुढच्या पट्ट्याचे पैसे द्यायचे.

ग्रीन पास (ऑक्टोबर २०२३ च्या दराने सात दिवसांना ७०,००० येन) घेतला तरी प्रीमियम ग्रीन आणि बंद खोल्या त्यात येत नाहीत. म्हणून पास घेण्याआधी कागदावर तीन रकाने काढायचे: गाडी कोणत्या कंपनीची, डबा कोणत्या वर्गाचा, लाइन वाटेत कुठे बदलते. हे पाच मिनिटांचं काम आहे. एजंटाला व्हॉट्सॲपवर "सगळं कव्हर होतं ना?" विचारून "हो सर" ऐकणं म्हणजे तपासणं नाही.

महिना मोजायला चुकणं

बहुतेक पर्यटन गाड्यांचं आरक्षण प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी, त्याच तारखेला उघडतं. जेआर आणि ओदाक्यूचं जपानी वेळेने सकाळी १० वाजता, किंतेत्सुचं १०:३० ला. भारतात तेव्हा अनुक्रमे ६:३० आणि ७ वाजलेले असतात. न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे ९ आणि ९:३०. "सकाळी दहाला बघू" म्हणून भारतीय दहाला बसलात तर साडेतीन तास उशीर झाला.

महिनाअखेरीची गंमत वेगळी. प्रवास ३१ मे चा असेल तर एप्रिलमध्ये ३१ तारीखच नाही, म्हणून जेआरची विक्री १ मे ला उघडते. लोक ३० एप्रिलला पहाटे उठून "सीट दिसतच नाही" म्हणत बसतात आणि दुसऱ्या दिवशी झोपून राहतात.

आणि कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून आधी चालू करावे लागतात. आदल्या रात्री खातं उघडून, कार्ड जोडून, प्रवाशांची नावं भरून ठेवा. सकाळी फक्त सीट निवडणं उरलं पाहिजे. एखादी छोटी, रद्द करता येण्यासारखी खरेदी करून कार्ड चालतं का हे आधी बघणं उत्तम. जपानमध्ये पोचून आरक्षण करणार असाल तर ओटीपी येणारं सिम रोमिंगवर चालू आहे ना, तेही पाहा.

गाडी मिळाली, बाजू चुकली

आरक्षण करताना गाडी मिळाल्याच्या आनंदात सीटचा नकाशा न बघणारे नंतर हात चोळत बसतात.

रोमान्सकार 'जीएसई' (मार्च २०१८ पासून) हे ठळक उदाहरण. सात डबे. दोन्ही टोकांना चालक वरच्या मजल्यावर बसतो, त्यामुळे पहिल्या रांगेसमोर नुसती काच. अशा १६-१६ सीट डबा १ आणि डबा ७ मध्ये आहेत. हाकोनेकडे जाताना पुढे असतो डबा १, शिंजुकूला परतताना डबा ७. जाताना ७ मधली सीट घेतली तर दीड तास मागे पळणारे रूळ बघायचे. तेही काही वाईट नाहीत, पण पैसे त्यासाठी दिलेले नसतात.

जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या स्पेशिया एक्समध्येही हेच. कॉकपिट लाउंज डबा १ मध्ये, निक्कोच्या बाजूला. कॉकपिट सुइट डबा ६ मध्ये, आसाकुसाच्या बाजूला. सुइटमधून पुढचा मार्ग बघायचा असेल तर ती टोकियोला परतताना घ्यावी. जाताना सुइट आणि येताना लाउंज घेणारे दोन्ही वेळा शेपटीकडे बसतात. कॅफे डबा १ मध्येच आहे. लाउंजवाल्यांना तिथे प्राधान्य, बाकी डब्यांतल्यांनी फोनवरून क्रमांक घ्यायचा. तो गाडी सुटल्यावर लगेच घ्या, भूक लागल्यावर नाही.

गोनो लाइनवरची 'रिसॉर्ट शिराकामी' अकिता ते आओमोरी जाते. समुद्र हवा तर ए सीट. हिगाशी-नोशिरोला गाडीचं तोंड फिरतं, पुढेही फिरतं, त्यामुळे 'डावी खिडकी' या सूचनेला काही अर्थ नाही, अक्षर लक्षात ठेवा. हिवाळ्यात तिथे वारा आणि बर्फामुळे फेऱ्या रद्द होतात. त्या दिवशी संध्याकाळचं पुढचं विमान ठेवू नये.

शिकोकूत आणखी वेगळा घोळ. 'इयोनादा मोनोगातारी' मात्सुयामाहून किनाऱ्याच्या जुन्या लाइनने, शिमोनादा स्टेशनवरून जाते. सीट मिळाली नाही की लोक "त्याच गावाला जाणारी दुसरी गाडी" म्हणून 'उवाकाई' एक्सप्रेस पकडतात. ती उचिकोमार्गे डोंगरातून जाते, शिमोनादाच्या समुद्राच्या वाटेलाही जात नाही. किनाऱ्याने जाणारी साधी लोकल घ्या. हळू आहे, पण पासवर चालते आणि खिडकी तीच.

जेवण: "व्हेज आहे" एवढं सांगणं

जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' हे चवीचं पाणी, आणि दाशीत बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क. सूप, उकडलेल्या भाज्या, तोफूवरचा रस्सा, सॅलडवरचं ड्रेसिंग, सगळीकडे तो असू शकतो. मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी असं इथे समजत नाहीत, आणि जेवण आणणाऱ्याला "नो मीट" सांगून माशाचा अर्क टळत नाही. बऱ्याच जेवणाच्या गाड्यांत खोके मार्गावरच्या एखाद्या उपाहारगृहात सकाळी भरले जातात. तिथे गाडीत चढल्यावर सांगून स्वयंपाकी काही करू शकत नाही, कारण तो गाडीत नसतोच. कांदा-लसूण नसलेलं जैन जेवण तर आणखी कठीण.

त्यामुळे कडक शाकाहारी असाल तर जेवण तिकिटात बांधलेली गाडी घेऊ नका. सीटचं आणि जेवणाचं आरक्षण वेगळं असलेली घ्या. इयोनादा मोनोगातारीत जेवण वेगळं, काही दिवस आधी मागवायचं असतं. न मागवताही प्रवास करता येतो. क्रूझ गाड्यांना आहाराची अट अर्जाच्या वेळीच लेखी कळवा, जपानीत, पदार्थांची नावं घेऊन: मासा नको, माशाचा दाशी नको, अंडं चालेल की नाही. आणि "जमणार नाही" असं उत्तर आलं तर ते प्रामाणिक उत्तर माना, घासाघीस करू नका. दुकानातल्या ओनिगिरीवरही विसंबू नका. आंबट उमेच्या (खारवलेल्या फळाच्या) किंवा कोंबूच्या (समुद्री शेवाळाच्या) भातगोळ्यातही बोनितोचा अर्क सापडतो, घटकांची यादी वाचा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असणाऱ्यांचे प्रवास जास्त शांत होतात, एवढं नक्की.

बाकीच्या, थोडक्यात

जुन्या याद्यांवरून बेत आखू नका. वाफेच्या इंजिनाची 'एसएल हितोयोशी' मार्च २०२४ मध्ये थांबली, क्यूशूतल्या हिसात्सु लाइनचा मोठा भाग जुलै २०२० च्या पुरापासून बंद आहे, ओसाका-साप्पोरो धावणारी जुनी 'ट्वायलाइट एक्सप्रेस' २०१५ मध्येच संपली. व्हिडिओची तारीख बघा.

मोठ्या बॅगा घेऊन चढू नका. 'युफुइन नो मोरी'सारख्या उंच मजल्याच्या गाडीत पायऱ्या आहेत, ठेवायची जागा कमी. बॅग आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरून किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून ताक्क्यूबिन या सामान-कुरिअरने पुढे पाठवा. जवळच्या शहराला दुसऱ्या दिवशी पोचते, टोकियोहून क्यूशू किंवा होक्काइदोला एक दिवस जास्त धरा. दोन दिवसांचे कपडे पाठीवरच्या पिशवीत.

गोल्डन वीक (एप्रिलअखेर ते ५ मे), ऑगस्टच्या मध्यातला ओबोन (पूर्वजांच्या स्मरणाचा सण) आणि नववर्ष टाळा. या दिवसांत सीट मिळाली तर नशीब.

शिमाकाझेला प्रत्येक मार्गावर आठवड्यातून सहसा एक दिवस सुट्टी असते. वेळापत्रक बघूनच तिच्या वाटेवरच्या इसेचा दिवस ठरवा.

क्रूझ गाडी परवडत नाही म्हणून रात्री झोपून जायची 'सनराइज सेतो' किंवा 'सनराइज इझुमो' घेणारे शहाणे. पण जेआर पासवर फुकट फक्त 'नोबिनोबी'ची गालिच्याची जागा. बंद खोली हवी तर एक्सप्रेसचं आणि खोलीचं भाडं वेगळं. गाडी टोकियोहून रात्री ९:५० ला सुटते, जेवणाचा डबा नाही, म्हणून एकिबेन (जेवणाचा डबा) स्टेशनवरच घ्या. शॉवरचं कार्ड ३३० येनचं, पाणी ६ मिनिटं, कार्डं मोजकी. गाडीत चढल्यावर बॅग खोलीत टाकायची आणि सरळ कार्डाच्या यंत्राकडे जायचं. फोटो नंतर.