राडारोड्याची खडी वापरताय? या चुका टाळा

जुनी इमारत पाडल्यावर निघणारा राडारोडा क्रशरमधून काढून पुन्हा काँक्रीटमध्ये वापरता येतो. त्याबद्दलच्या तक्रारी ऐकल्या की बहुतेकदा जाणवतं, मालात खोट नव्हती. त्याला खाणीतल्या काळ्या खडीसारखं वागवलं, तिथे चुकलं.

सगळ्यात मोठा घोळ पाण्याचा. या खडीच्या अंगाला जुना सिमेंटचा मसाला चिकटलेला असतो आणि शिळ्या भाकरीने आमटी प्यावी तसा तो पाणी पितो. आपली चांगली बेसॉल्टची खडी वजनाच्या एक-दोन टक्के पाणी शोषते, ही चार-पाच टक्के सहज. हिशेब करून बघा. घनमीटरला साधारण ११०० किलो खडी. पायाखालच्या हलक्या पीसीसीत (सळई नसलेल्या काँक्रीटच्या थरात) ती सगळी राडारोड्याची आणि कोरडी टाकली, तर ५ टक्क्यांनी ५५ लिटर पाणी प्यायची तिची तयारी असते. माल घट्ट येतो, फावडं चालेना होतं आणि मुकादम ओरडतो, "टाक रे अजून एक बादली!" त्या अंदाजपंचे बादल्यांनी ताकद जाते, आणि क्यूब (ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा) लवकर फुटला की खापर खडीवर.

आदल्या दिवशी ढिगावर भरपूर पाणी मारा, रात्रभर निथळू द्या. खडी आतून भिजलेली, वरून कोरडी हवी. वर ओल राहिलीच तर तेवढं पाणी मिक्समधून वजा करा. तरीही माल घट्ट वाटला तर प्लास्टिसायझर (जादा पाण्याशिवाय माल सैल करणारं रसायन) वापरा, बादली नाही.

दुसरी चूक म्हणजे सगळा राडारोडा एकच समजणं. फक्त काँक्रीट फोडून केलेली खडी वेगळी आणि विटा, टाइल्स, गिलावा मिसळलेली वेगळी. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत पहिलीला आरसीसीमध्ये, म्हणजे सळईच्या काँक्रीटमध्ये, २० टक्क्यांपर्यंत परवानगी आहे, तीही एम २५ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच; सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के. मिसळलेली खडी फक्त एम १५ पेक्षा हलक्या काँक्रीटसाठी. म्हणजे पायाखालच्या हलक्या पीसीसीला चालेल, स्लॅबला नाही. "थोडी मिसळली तर काय होतंय" हे वाक्य साइटवर ऐकलं की मी तरी ट्रक परत पाठवतो.

ट्रकमध्ये पांढरे तुकडे दिसले तर हात लावून बघा. फॉल्स सीलिंगचं पीओपी म्हणजे जिप्सम. त्यातलं सल्फेट सिमेंटशी अभिक्रिया करून फुगतं आणि काँक्रीट आतून तडकतं. किनारपट्टीवरच्या, खारं वारं खाल्लेल्या इमारतीचा माल असेल तर क्लोराइडची तपासणी केल्याशिवाय सळईजवळ नेऊ नका. गंज लागल्यावर कळून उपयोग नाही.

आता राख, जी थोड्या सिमेंटच्या जागी घालतात. कोराडी, चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रांमुळे विदर्भात ती मुबलक, पण तळ्यात सोडलेली ओली, जाड राख म्हणजे सिमेंटच्या जागी घालायची फ्लाय अॅश नव्हे. ती कोरडी, धुरातून पकडलेली, पिठासारखी बारीक लागते. साखर कारखान्याच्या किंवा भाताच्या तुसाच्या राखेतही हाच धोका: काळी राख म्हणजे न जळलेला कोळसा, आणि तो पाणीही पितो, अॅडमिक्श्चरही (प्लास्टिसायझरसारखी रसायनं). शिवाय सिमेंटच्या गोणीवर पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) लिहिलेलं असेल तर त्यात १५ ते ३५ टक्के राख आधीच आहे. त्यावर पुन्हा राख घालणारे भेटतात, मग सात दिवसांचा क्यूब कमी आला म्हणून घाबरतात. राखेचं काँक्रीट ताकद हळू पकडतं. ओपीसीच्या (राख नसलेल्या साध्या सिमेंटच्या) वेळापत्रकाने सेंट्रिंग काढू नका. क्युरिंगही किमान १० दिवस, उन्हाळ्यात १४.

काचेचे जाड तुकडे टाळा, सिमेंटमधल्या अल्कलीमुळे ते फुगतात. प्लास्टिकला मसाला धरत नाही, त्यामुळे भार पेलणाऱ्या कामात ते नकोच.

कोब्यावर दुसऱ्याच दिवशी केसासारख्या तडा दिसल्या तर आधी विचारा, खडी भिजवली होती का आणि गोणपाट कधी टाकलं. महिन्याभराने फुगवटे किंवा पांढरे डाग आले तर मात्र तुकडा काढून प्रयोगशाळेत सल्फेट तपासून घ्या. वरून गिलावा मारून झाकू नका.