गिळण्याची व्हिडिओफ्लुरोस्कोपी वाचायला शिकवताना

व्हिडिओफ्लुरोस्कोपी म्हणजे गिळतानाचे क्ष-किरणांचे चलचित्र. ते वाचायला शिकवताना स्पीच थेरपीच्या विद्यार्थ्यांना बेरियमचा (क्ष-किरणांत उठून दिसणाऱ्या द्रव्याचा) घोट कुठे गेला, हे लगेच विचारू नये. आधी थांबवलेल्या चित्रावर हायॉइड (जिभेच्या मुळाशी असलेले हाड), एपिग्लॉटिस (श्वासमार्गावरचे झाकण), स्वरतंतू आणि श्वासनलिका त्यांच्याकडून बोटाने दाखवून घ्यावीत. मग सेकंदाला 30 चौकटींनी टिपलेला तोच घोट एकेक चौकट सरकवत पाहावा, कारण स्वरतंतूंच्या वर अडलेली काळी रेघ आणि त्यांच्याखाली उतरलेली रेघ यांतला फरक कधीकधी दोन-तीन चौकटींपुरताच दिसतो. घोट श्वासमार्गात किती खोल गेला आणि रुग्णाने तो बाहेर काढला का, हे मोजणाऱ्या संशोधक रोझेनबेक यांच्या 1996 सालच्या आठ पायऱ्यांच्या मापनश्रेणीत, बेरियम स्वरतंतूंखाली जाऊनही रुग्ण ते बाहेर काढण्याचा प्रयत्नच करत नसेल, तर 8 हा अंक द्यावा. खोकला नाही म्हणजे सगळे ठीक, असे समजून विद्यार्थी इथे हमखास फसतात. अंक प्रत्येकाने चर्चेआधी स्वतंत्रपणे लिहावा, कारण वर्गातल्या हुशार मुलीचे उत्तर ऐकले की बाकीच्यांनाही तेच दिसू लागते.